उंबऱ्यावरची विभूती

वाशी, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८६६

ती. महांतप्पा दाजींस,
मल्लिनाथचे शरणु शरणार्थ.

तुमचं पत्र बार्शीहून परतलेल्या कापूसगाडीवाल्याने आणून दिलं. तुम्हाला तिथे कापडाच्या दुकानात काम मिळालं आणि मागची खोली राहायला मिळाली, हे कळलं. शिवगंगाक्का चुलीपुढे भाकरी थापत होती. पत्र वाचून दाखवू का, म्हणून विचारलं. तिचा हात थांबला नाही. "त्या माणसाचं नाव ह्या घरात काढायचं न्हाय," एवढं म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

तेव्हा स्पष्टच लिहितो, राग मानू नका. अक्का येणार नाही. ती मला थोरली, पण आता माझ्या घरी आहे आणि तिचं बरंवाईट मला बघायचं आहे. मध्ये तुम्ही जंगमस्वामींना पाठवलंत. त्यांच्या पाया पडून तिने त्यांना वाढलं आणि तुमचा विषय निघताच ताटावरून उठून गेली. स्वामी बिचारे अर्धपोटी गेले. पुन्हा कुणाला पाठवून त्याची फजिती करू नका.

नीलव्वाला जाऊन तीन महिने झाले. तुमची सहा वर्षांची पोर. भूमच्या अलीकडच्या ओढ्याला पाणी होतं, आभाळ वर काळं होतं, अक्का पुढे बसून म्हणत होती की थांबा, पाणी उतरू द्या. तुम्हाला परंड्याचा बाजार गाठायचा होता. खणांचे गठ्ठे काय, पुढच्या बाजाराला विकले नसते का? हे मी म्हणत नाही, सगळी वाशी म्हणते. तुम्ही स्वतःही दहा जणांदेखत म्हणालात, "मीच घाई केली." मग आता कुणी काय बोलायचं?

तुम्ही गाडीबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. तरी मी लिहितो, कारण लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही आणि उद्या भलतंच काही तुमच्या कानावर यायचं. गाडी मी पारखून दिली होती. येडाईच्या जत्रेत, चैत्री पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, येरमाळ्याच्या उत्तरेश्वर अडत्याच्या खळ्यात ती उभी होती. कुण्या इंजिनेर साहेबाने दौऱ्यावर राहायला बांधून घेतलेली. चार चाकं, आत झोपायला दोन फळ्या, भिंतीत कपाटं, मागे दार आणि दाराला पायऱ्या. साहेब बदलून गेला, गाडी दोन पावसाळे चिंचेखाली भिजत पडली आणि मग अडत्याने हिरवा रंग फासून विकायला काढली. नवा रंग दिसला की सुताराने आधी पाणी कुठे मुरलंय ते शोधावं, हे मला कुणी शिकवायला नको.

मी काय काय केलं ते तुम्ही पाहिलं आहे. आधी दारं-खिडक्या लावून आत बसलो आणि वास घेतला. मग बोटाच्या पेराने फळी न् फळी वाजवली. वाळलेला साग खणखणतो, भिजून कुजलेला नुसता धप्प म्हणतो. मग सळई घेऊन वीत वीत अंतरावर टोचत गेलो. शेवटी आतल्या सगळ्या सांध्यांवर चुलीतली कोरडी राख बोटाने लावली आणि वरून छपरावर अकरा घागरी पाणी ओतायला लावलं. पाणी झिरपलं तर राख काळी पडते. डाव्या खिडकीवर एका जागी पडली. तो सांधा मी उत्तरेश्वरला माझ्यासमोर उकलायला लावला आणि राळ भरून घेतली. तो म्हणाला, "मल्लिनाथ, पोरगी बघाय आलास का गाडी?" अर्धा दिवस घालवला मी त्या गाडीत. मग तुम्हाला म्हणालो, दाजी, घ्या.

माझ्या पारखण्यात खोट नव्हती. पाण्यात गाडी घालायची घाई तुमची होती. याउपर या विषयावर मला लिहू नका.

अक्का दोन वेळा जेवते. तुम्ही तेवढंच विचारलं होतंत आणि तेच लिहायचं राहून गेलं होतं.

आपला,
मल्लिनाथ


वाशी, किंक्रांत, शके १८६६

ती. दाजींस शरणार्थ.

तुम्ही धाडलेला तिळगूळ आणि खण पोहोचला. करोडगिरीच्या नाक्यावर जकातवाल्यांनी गठुडं सोडून बघितलं असावं, खणाची घडी मोडलेली होती. अक्काने ती उलगडलीसुद्धा नाही. शेजारच्या कोंडाबाईला हाक मारून तिच्या हातात दिली, म्हणाली, तुमच्या लेकीला होईल चोळीला. तिळगूळ परसात ठेवला, तो मुंग्यांनी नेला. यंदा ती कुणाकडे हळदीकुंकवाला गेली नाही. नवरा असून अशी बसते, म्हणून बायका बोलतात. ती ऐकून घेते.

रोज सकाळी ती नीलव्वाच्या समाधीवर जाते. तिथे दगड सारखे करते, विभूती लावते आणि ऊन चढलं की परत येते. मी एक लाकडी चौकट करून देतो म्हणालो. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तू हाईस म्हनून म्या हाय, मल्ल्या," म्हणाली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तुम्ही विचारता, गाडीचं काय केलंस. काय करणार? ओढ्याकाठी ती कलंडून पडली होती. मी तिसऱ्या दिवशी जाऊन सोडवली. चाकं आणि जू घेऊन आलो, ती परसात आहेत. बाकी लाकूड मोडून तिथेच टाकलं. काही जाळलं. निकामी होतं म्हणून जाळलं, दुसरं काय? अशी चौकशी का करता ते कळत नाही. मागच्या पत्रात मी तुम्हाला या विषयावर लिहू नका म्हणालो होतो.

अक्का विहिरीवर बायकांना सांगते, "माज्या भावानं गाडी पारखली हुती म्हनून तर ती चार महिने तरी चालली. त्या मानसानं पान्यात घातली तिला." असं ती माझ्यासमोरही बोलते आणि मग माझ्याकडे बघते, मी मान हलवावी म्हणून.

मी हलवतो.

मल्लिनाथ


वाशी, फाल्गुन वद्य तृतीया, शके १८६६

दाजी,

आज मायना लिहायला हात धजत नाही. हे पत्र तुम्ही एकट्याने वाचा.

सकाळी सोनारीहून एक शेतकरी आला होता. त्याला जुनी गाडी घ्यायची होती आणि ती कुठे सडली आहे का ते मी येऊन बघावं, अशी त्याची इच्छा होती. मी म्हणालो, मला सवड नाही. तो आर्जव करायला लागला. अक्का भांडी घासत होती, ती तिथूनच म्हणाली, "जा की रं. पाव्हनं, माज्या भावाच्या नजरंतून काय सुटत न्हाय." मी त्या माणसावर ओरडलो. कारण नसताना ओरडलो. तो बिचारा पागोटं सावरत निघून गेला आणि अक्का माझ्याकडे बघत राहिली. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. तेव्हापासून दुकान बंद करून बसलो आहे आणि हे लिहितो आहे.

त्या दिवशी येरमाळ्यात मी सगळं टोचलं, एक उंबरा सोडून.

तुम्हाला आठवत असेल, अक्का त्या दिवशी भल्या सकाळी खळ्यात आली होती. तुम्ही आणि उत्तरेश्वर अजून चहा पीत होतात. सौदा ठरला नव्हता, मी अजून पिशवीतून सळईसुद्धा काढली नव्हती. तिने मागच्या दाराचा उंबरा धुतला, त्याला हळदीकुंकू लावलं, बेलाचं पान ठेवलं आणि विभूतीचे तीन पट्टे ओढले. मी चिडवलं तिला. म्हणालो, "अगं, सौदा व्हायच्या आधीच पुजा? उद्या बाजारात दुसऱ्याच्या म्हशीलाबी कुंकू लावशील." ती हसली. म्हणाली, "गाडी न्हाय रं ती. घर हाय. त्येनी आठ म्हैनं बाजार-जत्रा करत हिंडत्यात, मी भिताडाशी बोलत बसते. आता आमी तिघं एका जागी राहू. घराचा उंबरा पुजू नये व्हय?" दाजी, लग्न झाल्यापासून मी तिला इतकी आनंदात कधी पाहिली नव्हती.

मग मी कामाला लागलो. अकरा घागरी छपरावरून ओतल्या. आत येऊन मी एकेक सांधा पाहत गेलो, राख सगळीकडे कोरडी. त्या खिडकीचा सांधा सोडला तर सगळं ठणठणीत. शेवटी मागच्या दाराशी आलो. उंबऱ्यावर विभूतीचे पट्टे होते. सकाळी ओल्या हाताने ओढलेले, चैत्राचं ऊन, भर दुपार. ते वाळून पांढरेशुभ्र व्हायला हवे होते. उजव्या टोकाकडे ते काळपट ओले होते.

मी पाहिलं. पाहिलं आणि मला कळलं. छपराचं पाणी उजव्या खांबाच्या आतून उतरत होतं आणि उंबऱ्यात मुरत होतं. माझी राख तिथे नव्हती, कारण तिथे तिची विभूती होती. जे मी राखेने शोधत होतो, ते विभूतीने दाखवलं.

सळई माझ्या हातात होती. पण पुजलेल्या उंबऱ्यात लोखंड खुपसायचं? तेही अक्काने पुजलेल्या? ती समोर नीलव्वाला कडेवर घेऊन उभी होती, पोरीला झोपायची फळी दाखवत होती. मी मनात म्हणालो, तिचा हातच ओला असेल. खोटं होतं ते. सकाळचा हात दुपारी ओला राहत नाही. शिवाय मी दहा माणसांत आधीच सांगून बसलो होतो की गाडी चांगली आहे, आणि माझा शब्द मला फिरवायचा नव्हता. कुठलं कारण मोठं होतं ते आज मला सांगता येणार नाही. मी उंबरा ओलांडून खाली उतरलो आणि म्हणालो, दाजी, घ्या.

त्यानंतर चार महिने त्या उंबऱ्यावर कुणाचा पाय पडला नाही. आपल्यात कुणी उंबऱ्यावर पाय देत नाही, सगळे ओलांडून जातात. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर पहिल्या आठवड्यात कुणाच्या तरी टाचेखाली तो दबला असता आणि आपल्याला कळलं असतं. आणि नीलव्वा त्यावर बसायला गेली की अक्का ओरडायची, "उंबऱ्यावर बसू नगं, नीलव्वा, दळिद्र येतं." पोर उठायची. त्या दिवशी ओढ्यात अक्का पुढे गठ्ठे धरून बसली होती, तुम्ही बैलांच्या पुढे पाण्यात होतात, आणि पोर पाणी बघायला मागे जाऊन उंबऱ्यावर बसली. एक चाक दगडावर चढलं, हिसका बसला आणि उंबरा तिच्यासकट खाली गेला.

तिसऱ्या दिवशी मी तो हातात घेतला. वर हिरवा रंग आणि आत भुसा. मी तो तिथेच जाळला. ताकाला जाऊन भांडं का लपवू? कुणी पाहू नये म्हणून जाळला.

आणि नंतर कार्तिकात तुम्ही माझ्या दाराशी आलात, अक्काला एकदा बघू दे म्हणालात, तेव्हा आडवा उभा राहणारा मीच. तुम्हाला पाण्यात उभं करून मी कोरडा राहिलो.

तुम्ही म्हणाल, मग जा आणि तिला सांग. रोज सांगायला उठतो. पण ती विचारणार, "सगळं टोचलंस, मग उंबराच का न्हाय टोचला?" या प्रश्नाला एकच उत्तर आहे, दाजी. तू पुजला होतास म्हणून. मग तिला ते काळे पट्टेही सांगावे लागतील. आपल्याच हाताच्या विभूतीने आपल्या लेकीचं मरण झाकलं, असं तिने एकदा धरलं की ती एक दिवस जगणार नाही. असं मला वाटतं. की माझी लाज वाचवायला मी हे निमित्त धरून बसलो आहे, तेही आता मला नीट कळत नाही.

तुम्ही काय ते करा. फिर्याद करा, पंचांत न्या, मी नाही म्हणणार नाही.

मल्लिनाथ


वाशी, वैशाख शुद्ध दशमी, शके १८६७

दाजी,

दीड महिन्याने तुमचं उत्तर आलं आणि त्यात चार ओळी. मी त्या इतक्यांदा वाचल्या की कागद घडीवर फाटला.

"मल्लिनाथा, मला त्याच दिवशी कळलं होतं. पोरीला बाहेर काढल्यावर मी मोडकं टोक हाताने चुरून पाहिलं. विभूती मलाही आठवली. तिला काही सांगू नकोस. माझा राग येतोय तर येऊ दे, राग असला की माणूस जगतं."

तुम्हाला ठाऊक होतं! मग तुम्ही मला शिव्या का दिल्या नाहीत? मार्गशीर्षात मी तुम्हाला केवढं शहाणपण शिकवलं, वास घेतला आणि राख लावली आणि काय काय. ते वाचताना तुम्हाला माझं थोबाड फोडावंसं वाटलं नाही? मला तुमचा राग येतो, दाजी. चांगल्या माणसाचा राग येणं फार वाईट. माझी झोप होती नव्हती ती तुम्ही घेतलीत.

पण तुम्ही एक चुकता आहात. तिचा राग संपत आला आहे. माघापर्यंत ती तुमचं नाव ऐकून ताटावरून उठायची. आता उठत नाही, आणि जेवतही नाही. अर्धी भाकरी मोडून बसते. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढतात. परवा मला म्हणाली, "म्या म्होरं बसाया नगं हुतं. मागं बसले असते तर पोर माज्या हाताखाली असती." मी म्हणालो, तसं बोलू नको. ती म्हणाली, "मंग कसं बोलू? त्येनी तर थांबाया हवं हुतं, पर म्याबी उतरून बैलाम्होरं आडवी झाले न्हाय." तुमच्यावरचा दगड काढून ती आता स्वतःच्या छातीवर ठेवते आहे. तुमचा हिशेब होता की रागावर ती जगेल. राग आटला, आता कशावर जगणार?

आणि काल तिने एक विचारलं. मी रंधा मारत होतो. ती सूप पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्येनला तिथं भाकरी कोन करून घालतं रं?"

मी म्हणालो, खानावळ असेल. ती म्हणाली, "खानावळीतली त्येनला सोसत न्हाय." आणि पुन्हा पाखडायला लागली.

ती तुमच्याकडे यायला हवी. इथे राहिली तर दिवाळी बघणार नाही. पण तुमच्यावरचा आळ निघाल्याशिवाय ती येणार नाही, आणि आळ काढायला खरं सांगावं तर ते तिच्याच अंगावर जातं. मी दोन महिने यातून वाट शोधतो आहे. उत्तरेश्वर अडत्या चैत्रात तापाने गेला, हे तुम्हाला कळलं असेल. मेला त्या दिवशी माझ्या मनात एक विचार आला आणि माझीच मला किळस आली. आज येत नाही.

काय ते नंतर कळवीन. तोवर तिच्यासाठी काही धाडू नका.

मल्लिनाथ


वाशी, श्रावण वद्य षष्ठी, शके १८६७

दाजी,

हे पत्र मोटारीच्या ड्रायव्हरच्या हाती पुढे धाडतो. अक्का उद्या दुपारपर्यंत बार्शीत पोहोचेल. कोंडाबाई लेकीच्या बाळंतपणाला निघाली आहे, तिच्या गाडीतून ती येते आहे. त्याआधी हे वाचून घ्या, म्हणजे तुमच्या तोंडून भलतं काही निघणार नाही.

मी तिला सांगितलं. खरं नाही सांगितलं.

माझ्या परसात सागाचे दोन ओंडके पडलेले तुम्ही पाहिले आहेत. गाडी घेण्याच्या आधीच्या साली मी उत्तरेश्वरच्या माडीचं काम केलं, त्याबदली त्याने दिलेले. अक्का रोज त्यांच्यावर कपडे वाळत घालते. चार दिवसांपूर्वी ती तिथे उभी असताना मी गेलो आणि म्हणालो, "अक्का, हे ओंडके मला उत्तरेश्वरनं फुकट दिलेत. गाडी चांगली हाय म्हनून सांग म्हणला, आनि म्या सांगितलं."

तिला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "कंची गाडी?"

"आपली. उंबरा कुजलेला हुता. म्हनून पोर गेली. दाजी थांबले असते तरी फुडं कवातरी गेलाच असता त्यो."

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"आनि तू घ्या म्हणलास?"

"व्हय."

तिच्या हातात ओलं लुगडं होतं. त्याचं पाणी तिच्या पायावर गळत होतं. मग तिने तो प्रश्न विचारला. तो येणार हे मला ठाऊक होतं, त्याच्या उत्तराची घोकंपट्टी मी ज्येष्ठापासून करत होतो.

"म्या त्याला विभूती लावली, तवा तुला दिसलं न्हाय का काय?"

मी म्हणालो, "तू येयाच्या आदल्या दिशी येऊन म्या सगळा उंबरा टोचून बघितला हुता. तवाच कळलं. तुज्या विभूतीचा काय संबंध?"

तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं. जन्मात इतकं सरळ कुणी माझ्याकडे पाहिलं नसेल आणि मी इतक्या सरळ कुणाशी खोटं बोललो नसेन. तिने ते मानलं. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, ते मला दिसलं. तिलाही ती शंका होती, दाजी. वर्षभर तिच्या पोटात ती होती आणि आपण दोघं शहाणे समजत होतो की तिच्यापासून लपवतो आहोत. निदान मला तरी तसं दिसलं. आता विचारायची सोय नाही.

मला वाटलं ती मारेल. तिने मारलं नाही. लुगडं खाली मातीत टाकलं आणि म्हणाली, "त्येनी दारात आले हुते तवा तू आडवा हुबा हुतास. माज्या हातची भाकर वर्षभर खाल्लीस. माजी नीलव्वा तू दोन लाकडांपायी इकलीस, व्हय रं?" मी मान खाली घातली. हलवायची नव्हती, पण हलली.

त्या दिवसापासून तिने माझ्या घरातलं पाणी घेतलं नाही, कोंडाबाईकडे राहिली. विहिरीवर तिने सगळ्यांना सांगितलं. गावाचं म्हणाल तर आता मला कुणी साध्या पाटाचंसुद्धा काम देत नाही. काल कुणीतरी ते ओंडके ओढत नेऊन उकिरड्यावर टाकले. मी आतून पाहत होतो. उत्तरेश्वरची बायको सत्यभामाबाई येरमाळ्याहून येऊन माझ्या दारात रडून गेली की माझा नवरा असा नव्हता. खरंच नव्हता. मेलेल्या माणसाला मी चोर केलं आणि त्याच्या बायकोला पाणी घ्या म्हणायचीही माझी हिंमत झाली नाही. हे पाप निराळं आहे, ते मी फेडणार कसं ते मला माहीत नाही.

आज सकाळी अक्का निघाली. जाताना समाधीवर गेली. मी लांब उभा होतो. ती जवळून गेली तेव्हा मी म्हणालो, "अक्का, जपून जा." ती थांबली. म्हणाली, "म्या त्येनला माफ केलं म्हनून चालले न्हाय. त्येनी थांबाया हवं हुतं, ते हायेच. पर त्येनला खानावळीतली भाकर सोसत न्हाय म्हनून चालले. तुजं तोंड मला मेल्यावरबी दावू नगं." मग गाडीत चढली. कोंडाबाईने तिच्या मांडीवर गठुडं ठेवलं. गाडी वळेपर्यंत तिने मागे पाहिलं नाही.

बाजारात लोक म्हणतात, लढाई संपली, जपानने हात टेकले, आता सगळं स्वस्त होणार. होईलही.

दाजी, ती येईल तेव्हा तिला आधी जेवायला घाला, प्रवासात तिने काही खाल्लेलं नसेल. पोरीचं नाव तुम्ही काढू नका, तिचं ती काढेल. आणि विभूतीचं एक अक्षर कधी बोलू नका, तुम्ही दोघं म्हातारे झालात आणि मी मेलो तरी नाही. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. कधीतरी तुमच्याने राहवणार नाही आणि तुम्ही म्हणाल, शिवगंगा, तुझा भाऊ तसा नव्हता. ते तेवढं करू नका. हे पत्र आणि आधीची सगळी पत्रं चुलीत घाला, तिच्या येण्याआधी. मला उत्तर धाडू नका.

ती मला शिव्या देईल, उद्या देईल, पुढच्या वर्षीही देईल. तेव्हा तुम्ही गप्प बसू नका. तुम्हीही द्या. चांगल्या सणसणीत द्या, हातचं राखू नका. तिला एकटीला द्यायला लावू नका.

मल्लिनाथ